‘द क्रूसिबल’चा अभ्यास: आधी कागद आणि आकडे, मॅकार्थी नंतर

एम.ए.च्या अमेरिकन साहित्याच्या पेपरात ‘द क्रूसिबल’वर प्रश्न आला की दहापैकी आठ उत्तरं एकाच वाक्याने सुरू होतात: आर्थर मिलरचं हे नाटक म्हणजे मॅकार्थीवादाचं, म्हणजे 1950 च्या सुमारास कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकेत झालेल्या छळाचं, रूपक आहे. वाक्य खोटं नाही. पण ते लिहून झालं की विद्यार्थ्याकडे नाटकाबद्दल बोलायला काहीच उरत नाही, आणि पुढची चार पानं कथानक सांगण्यात जातात. हे नाटक मी शहादा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात शिकवते. माझी बहुतेक मुलं-मुली मराठी माध्यमातून आलेली असतात. वर्गात सुरुवातीलाच मी त्यांना सांगते की मॅकार्थी हे नाव सध्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, तिथपर्यंत आपण सावकाश जाणार आहोत. आधी नाटक, मग ते जिथे घडतं ते 1692 सालचं सेलम, चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले ते अमेरिकेतलं गाव, मग 1950 च्या आसपासची अमेरिका. हा क्रम उलटा केला की नाटकातली माणसं दिसेनाशी होतात आणि नुसती चिन्हं उरतात.

पहिलं वाचन

पहिल्यांदा वाचताना हातात पेन्सिल नको. एका दिवशी दोन अंक, दुसऱ्या दिवशी दोन, आणि जमलं तर मोठ्याने. चार अंक चार ठिकाणी घडतात. पहिला पाद्री पॅरिसच्या घरातल्या माडीवरच्या खोलीत, दुसरा आठ दिवसांनी शेतकरी जॉन प्रॉक्टरच्या घरी, तिसरा कोर्टाच्या कामासाठी घेतलेल्या प्रार्थनागृहाच्या बाजूच्या खोलीत, आणि चौथा तुरुंगाच्या कोठडीत. निजायची खोली, स्वयंपाकघर, कचेरी, कोठडी. ज्या रानात मुली नाचल्या ते रान रंगमंचावर कधीच येत नाही. खटल्याचं मुख्य सभागृहही भिंतीपलीकडे राहतं, आपल्याला फक्त आवाज ऐकू येतात. सगळा गोंधळ ज्यावरून झाला ती गोष्ट आपण डोळ्यांनी पाहिलेलीच नाही, हे वाचून संपल्यावर स्वतःशी म्हणून बघा. कोर्टही नेमक्या याच अवस्थेत आहे.

पहिल्या अंकात मिलर मध्येच संवाद थांबवून लांबलचक गद्य लिहितो: पटनम कोण, त्याचं कोणाशी वाकडं, प्रॉक्टरचा स्वभाव कसा, चेटूक ओळखायला बोलावलेला पाद्री हेल कुठून आला. रंगमंचावर हे सहसा कोणी बोलत नाही. पहिल्या वाचनात ते ओलांडून गेलात तरी चालेल, दुसऱ्या वेळी मात्र अक्षर न अक्षर वाचायचं. जमिनीची भांडणं तिथेच आहेत.

भाषेबद्दल एक सूचना, मराठी माध्यमातल्या मुलांसाठी खास. पात्रांचं इंग्रजी तुम्हाला चुकीचं वाटेल. ‘ही हॅव’, ‘इट वेअर’, एका वाक्यात दोन-दोन नकार. छपाईची चूक समजून वहीत दुरुस्त करू नका, आणि अवतरण देताना तर मुळीच नाही. सतराव्या शतकातल्या कोर्टाच्या नोंदी वाचून मिलरने ही बोली स्वतः घडवली. ‘गुडी’ हे कोणाचं नाव नाही, साध्या घरच्या विवाहित बाईला लावायचं संबोधन आहे. गुडी नर्स, गुडी प्रॉक्टर, गुडी गुड. एवढं कळलं की पात्रांच्या यादीतला निम्मा घोळ मिटतो.

तुमच्या पुस्तकात दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश आहे का तेही आधीच पाहून घ्या. प्रॉक्टर आणि अ‍ॅबिगेल (त्याच्या घरची पूर्वीची मोलकरीण) रात्री रानात भेटतात तो प्रवेश मिलरने नंतर लिहिला. काही आवृत्त्यांत तो परिशिष्टात असतो, काहींत नसतोच. उत्तरात त्याचा आधार घेणार असाल तर तो नंतरचा आहे हे नमूद करा.

दुसरं वाचन: कागद शोधा

आता पेन्सिल घ्या. मुलांना मी एकच काम देते: नाटकात जिथे जिथे कागद येतो तिथे समासात खूण करायची. कागद कोणी लिहिला, त्यावर कोणाचं नाव, आणि पुढे त्याचं काय झालं. हे एवढंच नीट केलंत तर नाटकाची निम्मी रचना हाताशी येते.

पहिला कागद पॅरिसचं हजेरीबुक. हेल प्रॉक्टरच्या घरी येतो आणि ऐकवतो की सतरा महिन्यांत तुम्ही फक्त सव्वीस वेळा प्रार्थनेला आलात. म्हणजे जादूटोण्याचा विषय निघायच्या कितीतरी आधीपासून कोणीतरी मोजत बसलं होतं. त्याच रात्री अटकेचं वॉरंट येतं. ते आणणारा कोर्टाचा माणूस चीव्हर म्हणतो, आज रात्री माझ्याकडे सोळा वॉरंटं आहेत आणि त्यातलं एक प्रॉक्टरच्या बायकोचं, एलिझाबेथचं. प्रॉक्टर ते टराटरा फाडतो. काहीही बदलत नाही, एलिझाबेथला साखळी घालून नेतातच.

तिसऱ्या अंकात तर कागदांची रीघ लागते. फ्रान्सिस नर्स एक निवेदन आणतो. त्याची बायको रिबेका, एलिझाबेथ आणि मार्था कोरी या चांगल्या बायका आहेत, असं त्यावर गावातल्या एक्क्याण्णव माणसांनी सही करून सांगितलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, आता सुटल्या. न्यायाधीश डॅनफर्थ तो कागद पाहतो आणि या सगळ्यांना चौकशीसाठी आणायला वॉरंटं काढायला लावतो. शेजाऱ्यासाठी दिलेली साक्ष जागच्या जागी संशयितांची यादी होते. फ्रान्सिस हादरून म्हणतो, मी त्यांना शब्द दिला होता की त्यांना काही होणार नाही. नाटकातलं सगळ्यात भीतिदायक ठिकाण कोणतं असं मला विचाराल तर मी हे सांगेन. मुलींच्या किंकाळ्या नंतर येतात. कोर्ट म्हणजे काय झालंय, ते इथेच कळतं.

लगेच मार्थाचा नवरा गाइल्स कोरी याचा कागद. पटनम लोकांच्या जमिनीसाठी त्यांना आत टाकवतोय असा त्याचा आरोप. जेकब्जला फाशी झाली तर जमीन जप्त होणार आणि एवढी जमीन विकत घेण्याइतका पैसा एकट्या पटनमकडे आहे, हा त्याचा हिशोब. डॅनफर्थ विचारतो, हे तुला कोणी सांगितलं? नाव सांग. एक्क्याण्णव जणांचं काय झालं ते गाइल्सने नुकतंच पाहिलेलं असतं. तो नाव देत नाही, आणि न्यायालयाच्या अवमानासाठी त्यालाच अटक होते. हे पान दुमडून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग हेल सांगतो की त्याने फाशीच्या बहात्तर वॉरंटांवर सही केली आहे आणि त्याचा हात आता थरथरतो. शेवटी चौथ्या अंकात प्रॉक्टरचा कबुलीजबाब. तो तोंडाने कबूल करायला तयार होतो, मोठ्या कष्टाने सहीही करतो. पण हा कागद चर्चच्या दारावर लागणार म्हटल्यावर तो देत नाही, फाडून टाकतो. आता दुसऱ्या अंकाकडे मागे जा. एकाच माणसाने दोनदा कागद फाडला. पहिला दुसऱ्याने लिहिलेला, रागाच्या भरात, आणि काही उपयोग झाला नाही. दुसरा त्याच्या स्वतःच्या सहीचा, पूर्ण शुद्धीवर, आणि त्याची किंमत जीव. ‘प्रॉक्टरच्या व्यक्तिरेखेचा विकास’ या प्रश्नाला इथून सुरुवात करा. विशेषणं शोधत बसावं लागणार नाही.

कागदांबरोबर आकडेही टिपून ठेवा. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला एलिझाबेथ सांगते की चौदा जण तुरुंगात आहेत. थोड्या वेळाने घरची मोलकरीण मेरी वॉरन कोर्टातून परत येते आणि म्हणते, आता एकोणचाळीस. जेवणही आवरलेलं नसतं इतक्यात चौदाचे एकोणचाळीस झाले. तिसऱ्या अंकात डॅनफर्थ जवळपास चारशेचा आकडा सांगतो. राजकीय उन्माद या शब्दावर परिच्छेद लिहिण्यापेक्षा हे तीन आकडे ओळीने मांडा.

प्रश्न कोण विचारतो ते बघा

पहिल्या अंकाच्या शेवटी पॅरिसची गुलाम टिट्यूबा हिची चौकशी आहे. ही दोन-तीन पानं तरी संथपणे, ओळ-ओळ वाचायला हवीत. एका रंगाने प्रश्न अधोरेखित करा, दुसऱ्या रंगाने उत्तरं. टिट्यूबा आधी साफ नाकारते. पॅरिस फटक्यांनी जीव घेण्याची धमकी देतो, पटनम फाशी द्या म्हणतो. मग ती कबूल करते. सैतानाबरोबर आणखी कोण होतं, हे तिला सांगता येत नाही, तेव्हा पटनमच मध्ये तोंड घालून विचारतो: सेरा गुड होती का? की ऑस्बर्न? काही वेळाने टिट्यूबा नावं देते, गुडी गुड आणि गुडी ऑस्बर्न. प्रश्नात पुरवलेली नावं उत्तरात परत आली, आणि खोलीतल्या सगळ्यांना तो पुरावा वाटला. नावाबरोबर तिला शाबासकी आणि आशीर्वादही मिळतात. हे पाहून अ‍ॅबिगेल उठते आणि पुढची नावं सुरू होतात. इथे अ‍ॅबिगेलला नव्याने काही शोधून काढावं लागत नाही, मोठ्या माणसांनी दोन मिनिटांपूर्वी घालून दिलेला रस्ता ती धरते.

याच उताऱ्यात टिट्यूबा एक खरी गोष्ट बोलून जाते. सैतानाच्या तोंडी घालून ती सांगते की पॅरिस वाईट माणूस आहे, त्याला मारून टाक असं तो मला म्हणाला. बार्बाडोसहून आणलेली गुलाम बाई मालकाबद्दलचं मन एरवी उघड बोलू शकली नसती. तिला तोंड उघडायची मुभा मिळाली ती कबुलीच्या आडून. टिट्यूबावर टीप लिहायची असेल तर हे घ्या.

डॅनफर्थला मूर्ख ठरवून मोकळे होऊ नका. त्याचा युक्तिवाद चोख आहे, म्हणून तर तो घातक. जादूटोणा हा अदृश्य गुन्हा, साक्षीदार दोनच: करणारी आणि जिच्यावर झाला ती. करणारी कबूल करणार नाही, म्हणून पीडितेवर विश्वास ठेवायचा. मग वकिलाला काम काय उरलं? तो हे शांतपणे समजावून सांगतो. जो कोर्टाच्या बाजूने नाही तो विरुद्ध, मधला मार्ग नाही, असंही म्हणतो. हा युक्तिवाद तुमच्या शब्दांत पायरीपायरीने लिहा आणि नेमका कुठे तुटतो ते शोधा. नाटकात त्याची परीक्षा घेणारं एक ठिकाण आहे. मेरी म्हणते, आम्ही बेशुद्ध पडायचं नाटक करत होतो. तर मग आत्ता पडून दाखव, असं तिला सांगतात. तिला जमत नाही. आजूबाजूला किंचाळणाऱ्या मुली नाहीत, भारावलेली गर्दी नाही, मग एकटीने पडणार कशी? खोटं सोडून खरं बोलायला आलेली मुलगी त्यामुळेच खोटी ठरते. जमावाचं वेड एकट्या माणसात पुन्हा उभं करता येत नाही, हे मिलरने एकही मोठा शब्द न वापरता दाखवलंय.

आणि मीठ. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला प्रॉक्टर शेतातून येतो. एलिझाबेथ मुलांना निजवत असते. तो चुलीवरच्या भांड्यातला रस्सा चाखतो, त्याला आवडत नाही, कपाटातलं मीठ काढून चिमूटभर घालतो. मग ती येते, वाढते, आणि तो जेवताना म्हणतो, छान झालंय, चव बरोबर आहे. ती लाजते, खूश होते. मी काळजीपूर्वक केलं, म्हणते. शब्द एवढेच, पण या घरात काय चाललंय ते सगळं त्यात आलं. दोघंही एकमेकांना खूश ठेवायला धडपडतात आणि दोघांनाही मोकळं बोलता येत नाही. त्याचं अ‍ॅबिगेलशी जे झालं ते मध्ये बसलंय. थोड्याच वेळात हेल त्याला दहा आज्ञा म्हणायला लावतो. तो नऊ म्हणतो, एक आज्ञा दोनदा म्हणतो, दहावी आठवत नाही. एलिझाबेथच हळूच पुरवते: व्यभिचार, जॉन. आणि तिसऱ्या अंकात, जी बाई कधीच खोटं बोलत नाही असं नवरा कोर्टाला छातीठोकपणे सांगतो, ती आयुष्यातलं एकमेव खोटं त्याच्या अब्रूसाठी बोलते आणि तो त्यातच बुडतो. मिठापासून या खोट्यापर्यंत सलग रेघ ओढता येते. एलिझाबेथवरचा प्रश्न आला तर कोरडी, थंड बाई असं लिहून सोडून देऊ नका.

1692: खरं काय, मिलरने बदललं काय

इतिहासाला एक दुपार पुरे. पण तथ्यं पक्की हवीत, कारण इथे हमखास चुका होतात. सेलममध्ये कोणालाही जिवंत जाळलं नाही. इंग्लिश कायद्यानुसार फाशी होती. एकोणीस जणांना फाशी झाली, चौदा बायका आणि पाच पुरुष. गाइल्स कोरीने खटल्याला उत्तर देण्याची प्रक्रियाच नाकारली म्हणून 19 सप्टेंबर 1692 रोजी त्याला दगडांच्या वजनाखाली चिरडून मारलं. आणखी काही जण तुरुंगातच गेले. आरोप झाले ते दीडशेहून जास्त लोकांवर. नाटकातले चारशे आणि बहात्तर हे आकडे मिलरचे, इतिहासाच्या उत्तरात ते घालू नका. कबुली देऊन तिच्यावर कायम राहिलेल्या कोणालाही फाशी झाली नाही. खरं बोलणारा मेला आणि खोटं कबूल करणारा वाचला, हे उलटं गणित इतिहासातलंच आहे.

मिलरने बदललं ते असं. खरी अ‍ॅबिगेल अकरा-बारा वर्षांची मुलगी होती, खरा जॉन प्रॉक्टर साठीचा होता. त्यांच्यात काही संबंध असल्याचा पुरावा नाही, तो धागा नाटककाराचा. मुलींची संख्या कमी केली. अनेक न्यायाधीशांचे मिळून हॅथॉर्न आणि डॅनफर्थ असे दोघे केले. प्रत्यक्षात खटल्यांच्या कोर्टाचा मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन होता. थॉमस डॅनफर्थ त्या कोर्टावर नव्हताच, एप्रिलमधल्या एका चौकशीला तो हजर होता एवढंच. रिबेका नर्सला 19 जुलैला फाशी झाली आणि प्रॉक्टरला 19 ऑगस्टला. नाटकात ते दोघं एकत्र निघतात.

मग संबंधांची कल्पना मिलरला सुचली कुठून? 1692 च्या 11 एप्रिलच्या त्याच चौकशीची नोंद उपलब्ध आहे. अ‍ॅबिगेल मूठ वळून एलिझाबेथ प्रॉक्टरला मारायला धावली. जवळ जाताच मूठ उघडली, हात सावकाश खाली आला, बोटं तिच्या डोक्यावरच्या टोपीला जेमतेम लागली, आणि ती ओरडली की माझी बोटं भाजली. मिलरने लिहिलंय की हे वाचताना त्याला नाटकाचा गाभा सापडला. मिलरच्या समजुतीप्रमाणे पूर्वी घरात कामाला असलेली मुलगी, मारायला उचललेला हात, आणि शेवटच्या क्षणी हलका झालेला तो स्पर्श. मूळ नोंदी व्हर्जिनिया विद्यापीठाने इंटरनेटवर खुल्या ठेवल्या आहेत. ही एक चौकशी तरी स्वतः वाचा. वेळ असेल तर खऱ्या प्रॉक्टरने जुलैमध्ये तुरुंगातून बोस्टनच्या पाद्र्यांना लिहिलेलं पत्रही बघा. आपल्या मुलाचा छळ करून कबुली काढायचा प्रयत्न कसा झाला, ते त्याने त्यात लिहिलंय.

आता वहीचं शेवटचं पान

इथे सगळ्यात जास्त गफलत होते ती दोन गोष्टींची. जोसेफ मॅकार्थी हा विस्कॉन्सिनचा सिनेटर. 1950 च्या फेब्रुवारीत व्हीलिंग इथल्या भाषणात त्याने परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी आपल्याकडे असल्याचा दावा केला. कलावंतांना बोलावून नावं विचारणारी समिती मात्र प्रतिनिधिगृहाची होती, हाउस कमिटी ऑन अन-अमेरिकन अ‍ॅक्टिव्हिटीज, आणि ती मॅकार्थीच्या आधीपासून काम करत होती. हॉलिवूडमधल्या दहा जणांना तिने 1947 सालीच बोलावलं होतं. मॅकार्थी या समितीत कधीच नव्हता. ‘मॅकार्थीच्या समितीने मिलरला बोलावलं’ हे वाक्य लिहिलंत की परीक्षकाला कळतं, गाइडातून घेतलंय.

दुसरी गफलत क्रमाची. मिलरची चौकशी झाली म्हणून त्याने हे नाटक लिहिलं असं अनेकजण लिहितात. नाटक रंगमंचावर आलं 22 जानेवारी 1953 ला, न्यूयॉर्कमध्ये. मिलरला समितीपुढे उभं राहावं लागलं 1956 च्या जूनमध्ये. त्याआधी 1954 साली नाटकाच्या ब्रसेल्समधल्या प्रयोगाला जाण्यासाठी त्याला पासपोर्ट नाकारण्यात आला होता. समितीपुढे तो स्वतःबद्दल बोलला, इतरांची नावं सांगायला त्याने नकार दिला. 1957 साली काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अवमानाबद्दल तो दोषी ठरला, 1958 साली वरच्या कोर्टात सुटला. आता दुमडलेलं पान उघडा. नाव न सांगितल्याबद्दल अवमानाची अटक: गाइल्स कोरी. माझी पापं सांगतो, दुसऱ्याचा न्याय करणार नाही: चौथ्या अंकातला प्रॉक्टर. मिलरने ही वाक्यं लिहिली तेव्हा त्याच्यावर ती वेळ आली नव्हती. त्याच्या जवळच्या माणसावर मात्र आली होती. त्याचं आधीचं गाजलेलं नाटक बसवणारा दिग्दर्शक एलिया कझान याने एप्रिल 1952 मध्ये समितीपुढे जुन्या सहकाऱ्यांची नावं घेतली. त्याच सुमारास मिलर सेलमला जाऊन कोर्टाचे जुने कागद वाचत होता.

1953 च्या प्रेक्षकांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. 19 जूनला सोव्हिएत रशियासाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून रोझेनबर्ग दांपत्याला विजेच्या खुर्चीत बसवलं गेलं. मिलरने आत्मचरित्रात लिहिलंय की एका प्रयोगात शेवटी प्रॉक्टर फाशी गेल्यावर टाळ्यांऐवजी प्रेक्षक माना खाली घालून उभे राहिले. त्याच वेळी तिकडे ती शिक्षा अमलात येत होती.

रूपकावरचा नेहमीचा आक्षेपही उत्तरात यायला हवा: चेटकिणी अस्तित्वात नसतात, कम्युनिस्ट तर होते, मग तुलना कशी? मिलरचं म्हणणं असं की 1692 मध्ये चेटकिणींच्या अस्तित्वाबद्दल शिकलेल्या माणसालाही शंका नव्हती, उलट शंका घेणं हाच गुन्ह्याचा वास होता. नाटकात याला आधार आहे. हेल प्रॉक्टर पती-पत्नीला विचारतो, तुम्ही चेटकिणी मानता ना? एलिझाबेथ म्हणते, मी चेटकीण असेन असं तुम्हाला वाटत असेल, तर चेटकिणी नसतातच असं मी म्हणेन. हे वाक्य तिला किती महाग पडू शकतं हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. आक्षेप आणि उत्तर दोन्ही मांडा, मग तुमचं मत द्या. माझं मत असं की तुलना पुराव्याच्या पद्धतीशी आहे. कोण दोषी होतं हा तिथे मुद्दाच नाही. दुसऱ्याचं नाव दे, मग तू शुद्ध, ही रीत दोन्हीकडे तीच आहे.

आपल्याकडचं उदाहरण देताना

माझ्या वर्गात धडगाव-अक्कलकुव्याकडची मुलं असतात. सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारझोड करणं, गावाबाहेर घालवणं हे त्यांनी ऐकलेलं, काहींनी जवळून पाहिलेलं असतं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आळ घेऊन छळणं गुन्हा ठरवलं. ही मुलं नाटक वाचतात तेव्हा सेरा गुड आणि ऑस्बर्न यांच्यापाशी थांबतात, प्रॉक्टरपाशी नाही. एक भिकारीण, दुसरी दारू पिणारी म्हातारी सुईण. पहिली नावं त्यांचीच का आली, हे त्यांना सांगावं लागत नाही. ही समज मोलाची आहे, ती उत्तरात जरूर आणा, पण फरकासकट. आपल्याकडे गाव आळ घेतं आणि कायदा, निदान कागदावर, त्या बाईच्या बाजूने असतो. सेलममध्ये कायदाच आळ घेत होता, न्यायाधीश सही करत होते. हा फरक सोडलात तर मिलरचा मुद्दा हातून जाईल.

याच वर्गातल्या मुलींनी एकदा विचारलेला प्रश्न मी आता दरवर्षी वर्गापुढे ठेवते. इतक्या मोठ्या अन्यायाचं मूळ मिलरने एका तरुण मुलीच्या वासनेत का ठेवलं? पुरुषांची जमीन, पॅरिसचा पगार आणि जळणाच्या लाकडांचे सहा पौंड, डॅनफर्थचा अहंकार हे सगळं नाटकात आहे, तरी लोकांच्या लक्षात राहते ती अ‍ॅबिगेलच. समीक्षकांनीही हा आक्षेप घेतलाय आणि मला तो रास्त वाटतो. अ‍ॅबिगेलच्या तोंडचं एक वाक्य शोधा: तिने आपल्या आईवडिलांची डोकी शेजारच्या उशीवर ठेचलेली पाहिली आहेत. अनाथ, मोलकरीण, घरमालकाने जवळ केलेली आणि मग काढून टाकलेली. तिला निर्दोष ठरवायची गरज नाही, पण खलनायिका एवढ्या एका शब्दावर थांबू नका.

परीक्षेसाठी

प्रॉक्टर शोकनायक आहे का, हा प्रश्न फिरून फिरून येतो. अ‍ॅरिस्टॉटलची व्याख्या अर्धं पान लिहिण्यापेक्षा मिलरचा 1949 सालचा ‘ट्रॅजेडी अँड द कॉमन मॅन’ हा छोटा लेख वाचा. सामान्य माणूसही शोकांतिकेचा नायक होऊ शकतो, आपल्या प्रतिष्ठेसाठी तो जीव द्यायला तयार असतो, हे त्यातलं म्हणणं. मग थेट चौथ्या अंकातल्या सहीच्या प्रसंगाकडे या. हेलवरचं उत्तर लिहिताना तो पहिल्या अंकात जड पुस्तकं घेऊन येतो आणि चौथ्यात लोकांना खोटं कबूल करून जीव वाचवा म्हणून विनवतो, ही दोन टोकं धरा. त्याचं मन चांगलं झालंय, पण सल्ला चुकीचा की बरोबर? नाटक याचं सोपं उत्तर देत नाही, तुम्हीही देऊ नका. एलिझाबेथ नवऱ्याला थांबवत नाही, हेच हेलला मिळालेलं उत्तर.

अवतरणं थोडी आणि छोटी पाठ करा. लांब भाषणं पाठ करून परीक्षेत निम्मी विसरण्यापेक्षा चार-पाच शब्दांचा तुकडा अचूक असलेला बरा. अंगावर दगड रचले जात असताना गाइल्सने उच्चारलेले दोन शब्द, ‘मोअर वेट’ (आणखी वजन), पुरेसे आहेत.

1996 चा चित्रपट सगळ्यात शेवटी बघा. डॅनियल डे-लुईस प्रॉक्टर आहे, पॉल स्कोफील्ड डॅनफर्थ आहे, पटकथा खुद्द मिलरची आहे आणि तो पाहण्यासारखा आहे. पण तो रानातल्या नाचाने सुरू होतो. नाटकाने जे दाखवायचं टाळलं तेच पहिल्या पाच मिनिटांत डोळ्यांसमोर येतं. तो आधी पाहिलेली मुलं उत्तरात नाटकाचा पहिला प्रवेश रानात घडतो असं लिहून मोकळी होतात. चित्रपट पाहून झाला की पॅरिसच्या माडीवरचा पहिला प्रवेश पुन्हा वाचा आणि रानात काय झालं याबद्दल प्रत्येक पात्र काय सांगतं ते समोरासमोर लिहून काढा. ‘द क्रूसिबलमधील सत्य आणि साक्ष’ या प्रश्नाचं उत्तर त्या तक्त्यातून तयार होईल.